पुण्यात एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी.ला नव्याने आलेल्यांसाठी : मोकळ्या वेळाची तजवीज

पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्याचा मोकळा वेळ कधी सांगून येत नाही. प्रयोग रात्री आठला संपतो, गाइडची मेल रविवारी सकाळी येते, आणि मग मंगळवारी दुपारी एखादं लेक्चर रद्द होऊन चार तास अचानक हातात पडतात. ऐन वेळी कुठं जायचं ते सुचत नाही आणि तो वेळ खोलीवर मोबाइल चाळण्यात जातो. पुण्यात करण्यासारख्या गोष्टी स्वस्त आहेत, बऱ्याच तर फुकट आहेत. मात्र त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, थोड्या तऱ्हेवाईकही असतात, आणि त्या कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

१. पहिल्या पंधरवड्यात ही कागदपत्रं जमवा

नवं ओळखपत्र छापून हातात यायला कधी कधी महिना-दोन महिने जातात. तेवढ्यात सवलती, सदस्यत्वं, पास सगळं अडकून बसतं. त्यामुळे :

- विभागातून बोनाफाईडच्या तीन मूळ प्रती एकदमच मागा. एक बसपासला, एक वाचनालयाला, एक हाताशी. एकेका प्रतीसाठी परत परत गेलात की कार्यालयातला चेहरा बदलतो.
- प्रवेश शुल्काची पावती. ओळखपत्र येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी हीच चालते.
- आधार कार्डाच्या चार-पाच प्रती. त्यावर गावाकडचा पत्ता असेल तर पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा वेगळा लागतो : वसतिगृहाचं पत्र किंवा भाडेकरार. कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून) राहत असाल तर करार बहुधा मिळत नाही. मग घरमालकांकडून चार ओळींचं सहीचं पत्र आणि वीजबिलाची प्रत घ्या.
- पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो.
- पोहण्याचा तलाव किंवा व्यायामशाळा लावायची असेल तर डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला.

वसतिगृहात असाल तर आणखी एक कागद वाचून ठेवा : नियमावली. फाटक किती वाजता बंद होतं, लेट पासला कुणाची सही लागते आणि अर्ज किती दिवस आधी द्यायचा, हे नाटकाचं तिकीट काढण्याआधी माहीत हवं.

२. वेळ तीन मापांत मोजा

दोन-अडीच तास, अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस. प्रत्येक मापाच्या तीन-तीन गोष्टी आत्ताच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे वेळ मिळाला की ठरवण्यात जात नाही. दुसरं असं, की पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे नोकरदारांकडे नसलेली एक चीज असते, आठवड्यातल्या मधल्या वाराची सकाळ. सिंहगड, लोहगड, संग्रहालयं ही सगळी बुधवारी बघण्याची ठिकाणं आहेत. रविवारी तिथं गर्दी बघायला मिळते. (कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय मात्र बुधवारीच बंद असतं.)

३. ये-जा कशी करायची

पीएमपीची बस शहरात जवळपास सगळीकडे जाते. फक्त ती कुठून सुटते ते कळायला हवं. स्वारगेट, मनपा (महापालिका भवन), डेक्कन, पुणे स्टेशन आणि कात्रज ही पाच ठिकाणं नकाशावर पक्की करा. दिवसभरात तीन-चार ठिकाणी जायचं असेल तर दैनिक पास काढा. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर तो ७० रुपयांना झाला, तरी सुट्या तिकिटांपेक्षा परवडतो. विद्यार्थ्यांचा मासिक पास वेगळा, त्याला बोनाफाईड लागतं.

मेट्रोच्या दोन मार्गिका कामाच्या आहेत. वनाज ते रामवाडी ही पश्चिम-पूर्व आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही उत्तर-दक्षिण. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात, बदल तिथंच. बालगंधर्व रंगमंदिराला छत्रपती संभाजी उद्यान स्थानक, लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबागेला मंडई, आगाखान पॅलेसला कल्याणीनगर किंवा रामवाडी.

बाहेरगावी एसटीने जाताना नवखे हमखास एका ठिकाणी फसतात. शिवाजीनगरचं जुनं स्थानक मेट्रोच्या कामासाठी हलवलं गेलं, आणि तिथल्या गाड्या गेली काही वर्षं वाकडेवाडीहून सुटतात. नाशिक, छत्रपती संभाजीनगरकडे जायचं तर वाकडेवाडी. सातारा, कोल्हापूर, कोकणाकडे जायचं तर स्वारगेट. मुलींना एसटीत तिकीट अर्धं आहे. मार्च २०२३ पासून ही सवलत सगळ्या प्रकारच्या गाड्यांना लागू आहे, त्यामुळे शिवशाहीतही ती मिळते.

भाड्याने दुचाकी घेणार असाल तर पक्का परवाना लागतो, शिकाऊ चालत नाही. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, जुने ओरखडे त्यात दिसले पाहिजेत. अनामत रक्कम कापली जाते ती यावरूनच. दोन हेल्मेट मागून घ्या.

४. दोन तास : टेकड्या

शहराच्या मधोमध एवढ्या टेकड्या असणं हे पुण्याचं भाग्य आहे. विद्यापीठ, फर्ग्युसन, लॉ कॉलेज, गोखले इन्स्टिट्यूट यांपैकी कुठंही शिकत असलात तरी एक टेकडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

फर्ग्युसन कॉलेजच्या मागची हनुमान टेकडी सगळ्यांत सोपी. अर्ध्या तासात वर, उजेड असतानाच खाली. वेताळ टेकडी मोठी, शहरातली सर्वांत उंच जागा. लॉ कॉलेज रस्त्याकडून, गोखलेनगरकडून, पाषाणकडून अशा अनेक वाटा वर येतात. लॉ कॉलेजच्या बाजूने निघालात तर वेताळाच्या देवळापर्यंत पाऊण ते एक तास लागतो. सकाळी सहा ते आठ ही खरी वेळ. मोर दिसतात, आणि रोज येणारी मंडळी वाट सांगायला हौसेने तयार असतात, थोडं जास्तच सांगतात. पर्वती पायऱ्यांची आहे, १०३ पायऱ्या. पायाला दमवत नाही, पण वरून पेठा, स्वारगेट आणि सिंहगडाची दिशा एका नजरेत येते. नवख्याने पहिल्या आठवड्यातच पर्वतीवर जावं, शहराचा नकाशा डोक्यात बसतो.

सांभाळायच्या गोष्टी अशा. अंधार पडायच्या आत खाली या. टेकड्यांवर लुटीचे प्रकार झालेले आहेत, आणि वाटांवर दिवे नाहीत. एकट्याने जायचं तर सकाळी जा. वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साचतं, त्यात उतरू नका. कडा सरळ तुटलेल्या आहेत, खोलीचा अंदाज येत नाही आणि बाहेर यायला धरायला काही नसतं. फेब्रुवारी ते मे गवत वाळलेलं असतं, एका काडीने वणवा पेटतो. बाकी लागतं ते इतकंच : पकड असलेले बूट, एक लिटर पाणी आणि पावसाळ्यात विंडचीटर. चपलेवर जाऊन मुरमावरून घसरणारे दर रविवारी दिसतात.

५. संध्याकाळ : नाटक, गाणं, व्याख्यान

या शहराने विद्यार्थ्याला सगळ्यांत जास्त काय दिलं असेल तर ही संध्याकाळ.

व्यावसायिक नाटकं मुख्यतः बालगंधर्व रंगमंदिर (सुरू झालं १९६८ साली), टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह इथं होतात. प्रयोगाच्या वेळा जवळपास सगळीकडे तीनच : दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ. जाहिराती वर्तमानपत्रात येतात, तिकिटं ऑनलाइनही मिळतात. पण नाट्यगृहाच्या खिडकीवर गेलात तर तक्त्यावर मोकळ्या जागा दिसतात, आणि ऑनलाइनचं जादा शुल्कही वाचतं. विद्यार्थ्याने बाल्कनी घ्यावी, पहिली किंवा दुसरी रांग. खालच्या शेवटच्या रांगांपेक्षा तिथून मंच चांगला दिसतो आणि दर बहुधा कमी असतो. रात्री साडेनऊचा प्रयोग बाराच्या पुढे सुटतो. तोवर मेट्रो बंद, पीएमपी जवळजवळ बंद. परत कसं यायचं हे आधी ठरलेलं नसेल तर साडेपाचचाच प्रयोग घ्या.

प्रायोगिक नाटकासाठी शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच बघा. जागा छोटी, नट हाताच्या अंतरावर. तिथं उशिरा आलेल्याला आत घेतील ही आशा ठेवू नका.

ऑगस्टमध्ये भरतला पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी असते. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. आरडाओरडा, घोषणा, प्रेक्षागृह डोक्यावर घेणारी पोरं, आणि पडदा उघडला की चिडीचूप. स्वतः करण्यात रस असेल तर आपल्या महाविद्यालयाचा संघ जून-जुलैतच जमतो, तेव्हाच कला मंडळाच्या फलकावर लक्ष ठेवा. अभिनय येत नसेल तरी नेपथ्य उचलायला, प्रकाशयोजनेला माणसं कमीच पडतात.

गाण्याचं मोठं निमित्त म्हणजे डिसेंबरातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. १९५३ पासूनचा हा महोत्सव हल्ली मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. खुर्चीच्या तिकिटाकडे बघूच नका. भारतीय बैठक घ्या, जमिनीवर बसायचं, दर विद्यार्थ्याला झेपणारा. दुपारी लवकर पोहोचलात तर पुढची जागा मिळते. पाठीला छोटी उशी, शाल, पाण्याची बाटली बरोबर असू द्या. डिसेंबरात उघड्यावर रात्री आठनंतर चांगलंच गारठायला होतं. शास्त्रीय संगीत कळत नाही म्हणून जाणं टाळू नका. शेजारच्या आजोबांना राग विचारा, पुढचा अर्धा तास तुमची शिकवणी होईल.

वर्षभर छोट्या मैफली आणि व्याख्यानं चालूच असतात. वर्तमानपत्राच्या शहर पुरवणीत ‘आजचे कार्यक्रम’ असं सदर असतं, ते रोज सकाळी मेसच्या पेपरात बघा. निमंत्रणावर ‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव’ असं छापलेलं असतं. याचा व्यवहारातला अर्थ : पहिल्या तीन-चार रांगांत बसू नका, उठवतील. दिवाळी पहाटसारख्या कार्यक्रमांना प्रवेशिका लागतात, त्या दोन-चार दिवस आधी वाटल्या जातात आणि तासाभरात संपतात. एप्रिल-मेमध्ये पुण्यात अडकलात तर वसंत व्याख्यानमाला आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. जानेवारीत पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्याच्या नोंदणीत विद्यार्थ्यांना सवलत असते, ओळखपत्र बरोबर न्या. नोंदणी झाली म्हणजे खुर्ची मिळाली असं मात्र नाही. गाजलेल्या चित्रपटाला किमान पाऊण तास आधी रांगेत उभं राहावं लागतं.

६. पुस्तकं

विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय अभ्यासाला आहेच. अवांतर वाचनाला शहरातली जुनी वाचनालयं बरी. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरून सदस्य होता येतं. अनामतीची पावती जपून ठेवा, कारण पुणं सोडताना पैसे परत मागायला तीच लागते आणि निघायच्या गडबडीत ती कुणालाच सापडत नाही.

फलकावर ‘अभ्यासिका’ लिहिलेल्या जागा निराळ्या. तिथं महिन्याचं भाडं भरून टेबल मिळतं, पुस्तकं नाहीत. बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षांची, खुर्ची सरकवल्याचा आवाजही खपत नाही.

पाठ्यपुस्तकं नवी-जुनी अप्पा बळवंत चौकात. जुनं पुस्तक घेताना आवृत्तीचं साल आणि मधली पानं तपासा. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून.

परकीय भाषा शिकायची असेल तर विद्यापीठाचं केंद्र फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन यांचे अर्धवेळ वर्ग. प्रवेश शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच होतात, ती तारीख गेली की वर्षभर वाट बघा. गृहपाठ असतो, हे प्रबंधाच्या शेवटच्या वर्षात विसरू नका.

७. अर्धा दिवस

यादी छोटी ठेवतो. जंगली महाराज रस्त्यावरची पाताळेश्वर लेणी, भर वाहतुकीला लागून, आठव्या शतकातली. गोल नंदीमंडप पाहाच. बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय, दिवे, अडकित्ते आणि दौतींसाठी. घाईघाईत बघू नका, दोन तास हवेतच. आगाखान पॅलेस, जिथं १९४२ ते १९४४ गांधीजी स्थानबद्ध होते आणि कस्तुरबा व महादेवभाईंच्या समाध्या आहेत. शनिवारवाड्यात मात्र १८२८ च्या आगीनंतर तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढंच उरलंय. ते माहीत असेल तर निराशा होत नाही.

कसबा, नारायण, सदाशिव पेठांतून चालायचं तर सकाळी. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात. पुण्याबद्दलचे विनोद ऐकून हसलात तरी हे खरं आहे, आणि काम त्यामुळे अडतं.

८. पूर्ण दिवस : मळवली

पहिल्या सहलीला मळवलीच निवडा. गाडी लागत नाही, खर्च जवळजवळ नाही, आणि एका दिवसात लेणी आणि किल्ला दोन्ही होतात.

पुणे स्टेशन किंवा शिवाजीनगरहून सकाळची लोणावळा लोकल पकडा. मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचं स्थानक, सव्वा तासाच्या आसपास लागतो. उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव. भाजे लेण्यांना आधी जा, ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची आहेत. तिथून लोहगडची वाट धरा. चालीप्रमाणे दोन-अडीच तासांत गायमुख खिंडीतून लोहगडवाडीत पोहोचता. पुढं पायऱ्या आणि एकामागून एक चार दरवाजे, वर विंचूकाटा ही लांबट, अरुंद माची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. कार्ले लेणी विरुद्ध बाजूला, महामार्गापलीकडे. त्याच दिवशी तीही उरकू म्हणाल तर दोन्हींची वाट लागेल. त्यांना वेगळा दिवस द्या.

परतीत गडबड होते ती लोकलच्या वेळांमुळे. दुपारच्या वेळी गाड्यांत मोठी फट असते, मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी लोकल नाही. निघतानाच परतीच्या तीन गाड्यांच्या वेळा टिपून ठेवा. बरोबर माणशी अडीच लिटर पाणी, डबा, टॉर्च, शिट्टी, थोडी रोख रक्कम असावी. वाडीत रेंज जाते, मोबाइलने पैसे जातीलच असं नाही.

सिंहगड दुसऱ्या खेपेला. पायथ्यापर्यंत पीएमपी जाते, चढायला तास-दीड तास. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, चालणाऱ्यालाही धूर खावा लागतो.

पावसाळ्याबद्दल स्पष्टच लिहितो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली दहा मिनिटांत पाणी वाढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा येऊ लागला की लगेच काठावर या. जून ते सप्टेंबर जिल्हाधिकारी काही ठिकाणी मनाई आदेश काढतात, निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा. नाहीतर नाक्यावरून परत यावं लागतं.

पैसे भरून ट्रेकिंगच्या गटाबरोबर जाणार असाल तर चार प्रश्न विचारा : किती माणसं, किती लीडर, प्रथमोपचार कुणाला येतो, आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का. साठ जणांमागे दोन लीडर असतील तर सोडून द्या, फोटो कितीही सुंदर असोत.

९. रविवार संध्याकाळचं जेवण

रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते, आणि संध्याकाळी बहुतेक मेस बंद. पहिल्याच रविवारी नवखे रात्री नऊला उपाशी फिरतात. बाहेर जायचं असेल तर ते रविवारी संध्याकाळीच ठेवा, म्हणजे मेसचं जेवण वाया जात नाही. सहलीला किंवा गावी जाताना खाडा (मेसला न येण्याचे दिवस) कळवा. तो किती दिवस आधी सांगायचा आणि सलग किती दिवसांचा धरतात, हे पैसे भरतानाच विचारून घ्या, कारण नंतर त्यावर वाद घालून कुणाचंच भलं झालेलं नाही.

महिन्याला हजार-बाराशे रुपये बाजूला काढलेत तर एक नाटक, एक दिवसाची सहल आणि वाचनालयाची वर्गणी बसते. फेलोशिप दरमहा येईलच असं नाही. ती आली की आधी तीन महिन्यांचं हे खातं वेगळं करा.

१०. माणसं जोडायची तर

विभागातली मंडळी सतत विषयाचंच बोलतात, म्हणून विभागाबाहेरचा एक तरी गट हवा. सगळ्यांत सोपा दरवाजा म्हणजे ढोल-ताशा पथक. गणपतीच्या दोन-एक महिने आधी सराव सुरू होतात, नदीपात्राच्या बाजूने संध्याकाळी फिरलात तर आवाजावरून सापडतात. नवीन वादक घेतले जातात, वाद्य पथकाचं असतं. कानात बोळे घाला, पथकातल्या पोरांनी चिडवलं तरी. पहिल्या आठवड्यात हाताला फोड येतात आणि ढोलाच्या वजनाने कंबर धरते, त्यामुळे पाठदुखी असणाऱ्याने ध्वज किंवा झांज मागून घ्यावी. सराव बुडवलेला चालत नाही. ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस द्यायचा असेल तर यंदा नुसतं बघायलाच जा.

बघायला जायचं तर मानाचे पाच गणपती (कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा) पहिल्या तीन-चार दिवसांत सकाळी उरकता येतात, सगळे चालण्याच्या अंतरावर आहेत. शेवटच्या दिवसांत संध्याकाळी मध्यवर्ती रस्ते वाहनांना बंद असतात. दुचाकी डेक्कनच्या अलीकडेच लावा. विसर्जन मिरवणूक मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीज चौकाकडे जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. सोबत्यांची चुकामूक होणार हे धरूनच चला. भेटायची जागा गर्दीबाहेरची ठरवा, कारण अलका चौकात फोन लागत नाही.